संगणकाची वेस

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक पडदा, एक कळफलक आणि त्यापुढे खुर्चीवर बसलेला माणूस असे चित्र उभे राहते. यंत्र एका गावी आणि त्यावर काम करणारा दुसऱ्या गावी, ही कल्पना आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना थोडी परकीच वाटते. वास्तविक ती आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. रेल्वेच्या आरक्षण खिडकीतील कारकुनापुढे जो पडदा असतो, त्याच्या पोटात गाड्यांची यादी नसते. यादी असते दूरच्या मोठ्या संगणकात. कारकून फक्त विचारतो आणि तो संगणक उत्तर देतो. दिल्लीत १९८६ साली संगणकीय आरक्षण सुरू झाले तेव्हापासून ही व्यवस्था लोकांच्या अंगवळणी पडली आहे. अशा दूरच्या संगणकात शिरण्याच्या क्रियेला ‘दूरस्थ प्रवेश’ म्हणतात आणि तो प्रवेश देणारा जो द्वारपाल संगणकात अहोरात्र बसलेला असतो, त्याची नेमणूक कशी करावी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय रुक्ष आहे हे मी आधीच मान्य करते. परंतु गेल्या वर्षभरात आमच्या मराठी विभागाच्या कामाशी त्याचा असा काही संबंध आला, की त्यावर लिहावे असे मनापासून वाटले.

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवली. तेव्हा एक संगणक अनेकांनी मिळून वापरायचा असे. टेलिटाईप नावाचे टंकयंत्र तारेने संगणकाला जोडलेले असे. माणूस त्यावर टंकत असे आणि संगणकाचे उत्तर कागदावर छापून येत असे. आजही युनिक्स घराण्यातील प्रणालींत टोकाच्या यंत्राला ‘टीटीवाय’ म्हणतात, तो शब्द या टेलिटाईपचाच अवशेष होय. कागदाची जागा पुढे पडद्याने घेतली, तारेची जागा टेलिफोनने घेतली आणि टेलिफोनची जागा इंटरनेटने. व्यवहार मात्र तोच राहिला. दारात उभे राहायचे, नाव सांगायचे, खूण पटवायची आणि आत जायचे.

आपल्या राज्यात या विद्येचे एक माहेरघर मुंबईत होते. तेथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था, आयआयटी आणि आणखी काही संस्था यांना जोडणारे ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे १९८६ पासून उभे राहू लागले. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेळी विद्यार्थ्यांना परवडणारे जे खाते मिळे, त्याला ‘शेल’ खाते म्हणत. त्यात चित्र नाही, रंग नाही. घरचा संगणक मोडेममधून टेलिफोन फिरवायचा, पलीकडे निगमचा युनिक्स संगणक नाव आणि संकेतशब्द विचारायचा, आणि मग अक्षरांच्या पडद्यावर पत्रे वाचायची. म्हणजे या देशातील कितीतरी विद्यार्थ्यांनी जगाचे पहिले दर्शन दूरस्थ प्रवेशाच्या दारातूनच घेतले. आजही पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर काम करणारा संशोधक त्या यंत्राजवळ जाऊन बसत नाही. तो आपल्या टेबलावरून प्रवेश घेतो आणि आपले गणित तेथे सोडून देतो.

आता आमच्या कामाकडे वळते. आमचा विभाग सिल्लोड आणि सोयगाव तालुक्यांतील बोलीचे शब्द जमवीत आहे. वखर, तिफण, चाडे, कासरा हे शब्द कोशात सापडतात. पण त्यांच्या लहानसहान भागांची नावे, पिकांवरील रोगांची नावे, बाळंतिणीच्या खाण्याची नावे घराघरांत निराळी आहेत आणि ती सांगणारी माणसे वयाने थकली आहेत. हे शब्द एका जुन्या संगणकावर साठवले जातात. त्यावर लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची प्रणाली आहे. अडचण वेळेची होती. मी अजिंठ्याची. तास संपले की एस.टी.ची वेळ होते, आणि ती चुकली तर घरी काळजीचे वातावरण. माझ्यासारख्या गावोगावच्या मुलींना त्या संगणकापुढे बसायला दिवसाकाठी अर्धा तासही मिळत नसे. शब्द सांगणारी माणसे तर संध्याकाळी, शेतावरून परतल्यावर भेटणार! वहीत लिहायचे, दुसऱ्या दिवशी धावतपळत टंकायचे, असा प्रकार चालला होता.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. संगणकावर सर्वांना मिळून एकच खाते होते आणि त्याचा संकेतशब्द फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला असे. डिसेंबरात एके सकाळी ‘क’पासून ‘छ’पर्यंतची फाईल रिकामी आढळली. कोणी केले, मुद्दाम केले की कळ चुकून दाबली गेली, काहीच कळेना; कारण संगणकाच्या दृष्टीने आम्ही बावीस जण एकच व्यक्ती होतो. त्यांतील चाळीसएक शब्द गावातील एका वृद्ध सुईणबाईंनी सांगितलेले. मला वहीवरून निम्मे परत भरता आले. उरलेल्यांसाठी पुन्हा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे लागले आणि दुसऱ्या खेपेला त्यांना सगळे आठवले नाहीत.

तेव्हा घरून काम करता यावे आणि प्रत्येकाचे काम त्याच्या नावावर राहावे, या दोन्ही गोष्टी एकदमच हव्या होत्या. संगणक विभागातील सरांनी परवानगी दिली, सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून शिकवले, आणि त्या कामातून मला जे उमगले ते येथे देते. आज्ञा प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत टंकायच्या असतात. छपाईच्या सोयीसाठी त्या नागरीत दिल्या आहेत.

पूर्वी या कामाला टेलनेट वापरीत. टेलनेटमध्ये नाव, संकेतशब्द आणि पुढचा सारा मजकूर उघडा जातो. पोस्टकार्डासारखा. वाटेतल्या ज्या ज्या यंत्रातून तो जाईल, तेथे वाचता येतो. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी असेच संकेतशब्द टिपून घेतले. तेथील टाटू युलोनेन या संशोधकाने त्याच वर्षी ‘एसएसएच’ तयार केले, ज्यात सारा संवाद कुलूपबंद होतो. संगणकातील प्रत्येक सेवेला दाराचा क्रमांक असतो. टेलनेटचा २३, फाईल पाठवण्याच्या जुन्या सेवेचा २१. युलोनेनने मधला २२ मागितला आणि त्याला तो मिळाला. आज जगभर चालणारे ‘ओपनएसएसएच’ हे विनामूल्य रूप १९९९ साली ओपनबीएसडी प्रकल्पातील मंडळींनी घडवले.

आमच्या संगणकावरील डेबियन लिनक्समध्ये ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ एवढी एकच आज्ञा दिली की ‘एसएसएचडी’ हा द्वारपाल कामावर रुजू होतो. तो २२ क्रमांकावर कान देऊन बसतो. कोणी हाक मारली की स्वतः जागा न सोडता तो आपली एक प्रतिकृती निर्माण करतो, ती पाहुण्याची चौकशी करते आणि खूण पटल्यास त्याला एक काल्पनिक टेलिटाईप बहाल करते. ‘हू’ ही आज्ञा दिली की आत्ता आत कोण आहे आणि कोणत्या टोकावर, ते दिसते. हे मी प्रथम पाहिले तेव्हा मला आमच्या लेण्यांतील विहार आठवला. एक दर्शनी दार, मध्ये मोठा मंडप आणि सभोवार भिक्षूंच्या लहान लहान खोल्या. काही खोल्यांच्या चौकटींत दाराचे खुंट बसवण्याची भोके आजही दिसतात. सामाईक मंडप असूनही प्रत्येकाची खोली वेगळी होती.

पहिले काम हेच केले. फळ्यावरचे खाते बंद करून ‘ॲडयूजर’ने बावीस जणांची बावीस खाती उघडली, सगळ्यांना एका गटात घातले आणि ज्याची त्याची शब्दांची फाईल ज्याच्या त्याच्या निर्देशिकेत ठेवली. इतरांना ती वाचता येते, खोडता येत नाही. सर्व फाईली एकत्र करण्याचे काम आमच्या मॅडमच्या खात्याकडे आहे.

आता खूण पटवण्याचा प्रश्न. संकेतशब्द सांगता येतो, पाहता येतो आणि पुष्कळदा अंदाजाने ओळखता येतो. म्हणून किल्लीची पद्धत घ्यावी. प्रत्येकाने आपल्याच फोनवर किंवा संगणकावर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ही आज्ञा द्यावी. फोनवर टर्मक्स हे ॲप घेऊन त्यात ओपनएसएसएच बसवले की हे जमते. त्यातून जोडीने दोन फाईली निर्माण होतात. एक खाजगी, जी किल्ली; ती कोणालाही, अगदी द्वारपालालाही, द्यायची नाही. दुसरी सार्वजनिक, तिला कुलूप समजावे. हे कुलूप आपल्या खात्यातील ‘.एसएसएच’ या निर्देशिकेत ‘ऑथराइज्ड_कीज’ नावाच्या फाईलमध्ये बसवायचे. प्रवेशाच्या वेळी फोन त्या खेपेपुरत्या मजकुरावर खाजगी किल्लीने सही करतो आणि द्वारपाल सार्वजनिक भागावरून ती सही खरी की खोटी ते ताडून पाहतो. किल्ली वाटेत जातच नाही, मग चोरणार काय? फोनच हरवला तर काय, ही शंका माझ्या आईने काढली. “किल्ली फोनमधी अन् फोन बसमधी राहिला तं?” त्यासाठी किल्ली तयार करताना तिला स्वतःचा एक संकेतवाक्याचा पडदा घालता येतो. तो न टाळणे बरे.

निर्देशिकेचा अधिकार ७०० आणि फाईलचा ६०० असा ठेवावा लागतो. घरची निर्देशिका इतरांना लिहिण्यास मोकळी असेल तर द्वारपाल ते कुलूप मानतच नाही आणि बाहेर नुसता ‘परवानगी नाही’ असा निरोप येतो. आमच्यापैकी तिघांचे असे झाले. कारण संगणकाच्या नोंदवहीत सापडले, ती ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच’ने वाचता येते.

ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पहिल्यांदा जोडणी होते तेव्हा आपला फोन विचारतो, की या संगणकाचा ठसा अमुक आहे, विश्वास ठेवायचा का? बहुतेक जण डोळे झाकून ‘होय’ म्हणतात. मध्येच दुसरे एखादे यंत्र आमचा संगणक असल्याचे सोंग घेऊन बसले असेल तर? म्हणून आम्ही महाविद्यालयातील यंत्रासमोर बसून त्याचा ठसा कागदावर उतरवून घेतला आणि प्रत्येकाला त्याची चिठ्ठी दिली. घरी गेल्यावर चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर ताडून मगच ‘होय’ म्हणायचे. ही चिठ्ठी मी अजून कंपासपेटीत ठेवली आहे.

द्वारपालाचे नियम ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ या फाईलमध्ये असतात. येथे एक बारकावा आहे. एकच नियम दोनदा आढळला तर बहुतेकांना वाटते की शेवटचा लागू होईल; पण एसएसएचडी पहिला आढळलेला धरतो. डेबियनमध्ये या फाईलच्या आरंभीच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या निर्देशिकेतील फाईली वाचण्याची सूचना असते. तेव्हा मूळ फाईलच्या तळाशी नियम लिहीत बसण्यापेक्षा त्या निर्देशिकेत आपली एक छोटी फाईल करावी आणि तिच्या नावाच्या आरंभी १० असा आकडा घालावा, म्हणजे ती लवकर वाचली जाते. आमच्या फाईलमध्ये चारच ओळी आहेत :

परमिटरूटलॉगिन नो
पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन नो
अलाउग्रुप्स शब्द

पहिल्या ओळीने ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याला बाहेरून थेट येण्यास मनाई होते. ज्याला ते अधिकार हवेत त्याने आधी स्वतःच्या नावाने यावे. दुसरी व तिसरी मिळून संकेतशब्दाचे दार बंद करतात. नुसती दुसरी लिहिली तर काही वेळा तिसऱ्या वाटेने संकेतशब्द विचारला जातोच. चौथीने आमच्या ‘शब्द’ गटाबाहेरील खात्यांना मज्जाव होतो, म्हणून सरांचे खातेही त्या गटात आधी घालून घेतले.

नियम लिहिल्यावर घाई करू नये. ‘एसएसएचडी -टी’ (छोट्या लिपीतील टी) ही आज्ञा फाईलचे व्याकरण तपासते. तीच मोठ्या लिपीत दिली तर प्रत्यक्षात कोणते नियम लागू होणार ते सगळे छापून दाखवते. मग ‘सिस्टिमसीटीएल रीलोड एसएसएच’ द्यावे. त्याने आधीच्या जोडण्या तुटत नाहीत. ती जुनी जोडणी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या फोनवरून नव्याने आत येऊन पाहावे, आणि आलो याची खात्री झाल्यावरच पहिली सोडावी. दार आतून लावून किल्ली आतच राहिली, असा प्रसंग या विद्येत नेहमीचा आहे असे सर सांगतात.

बाहेरून येणारी हाक प्रथम महाविद्यालयाच्या राउटरवर येते. त्याला २२ क्रमांकाची हाक आमच्या संगणकाकडे वळवण्यास सांगावे लागते, आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीला सार्वजनिक व न बदलणारा पत्ता असावा लागतो. आमच्याकडे तो होता; नसता तर हा खटाटोप बराच लांबला असता.

दार उघडले त्या रात्रीची नोंदवही दुसऱ्या दिवशी वाचली. तीन पाने भरतील इतक्या ओळी! ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘ओरॅकल’ अशा नावांनी कोठकोठल्या देशांतून दारावर थापा पडल्या होत्या. आमच्या बोलीतील शब्दांचे कोणाला काय पडले आहे, असे वाटेल. पण हे हल्लेखोर माणसे नसून यंत्रे असतात, ती प्रत्येक पत्त्याचे दार ढकलून पाहतात. संकेतशब्द बंद असल्याने त्यांची डाळ शिजली नाही. २२ हा क्रमांक बदलावा असा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याने थापा कमी होतात, सुरक्षितता वाढत नाही. आमच्या अजिंठा गावाला जुनी तटबंदी आणि वेशी आहेत; वेस दुसरीकडे काढली म्हणून चोर गाव विसरत नाही, जरा वाट शोधतो एवढेच. नोंदवहीवरून आणखी एक आठवण झाली. लेणे क्रमांक १० मधील एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. चित्रावरच कोरली, हे वाईट केले. पण कोण आले आणि केव्हा आले, याची नोंद मात्र चोख राहिली!

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण संगणकाच्या पुस्तकांत त्या क्वचितच असतात. अक्षरांच्या पडद्यावर नागरी नीट दिसत नाही. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षरे मोडलेली. असे दिसले की मजकूर बिघडला या समजुतीने पुष्कळ जण तो पुन्हा टंकतात. आत तो शाबूत असतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक नागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ते जसेच्या तसे जातात. गडबड केवळ पडद्यावरच्या मांडणीची. दोन्ही टोकांना भाषेची मांडणी यूटीएफ-८ आहे एवढे पाहावे. दुसरी गोष्ट वर्णानुक्रमाची. संकेतांकांप्रमाणे शब्द लावले तर ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. म्हणून संगणकाने लावलेला क्रम अंतिम मानू नये. मॅडम तो हाताने तपासतात आणि तो तपासताना आमच्या शुद्धलेखनाचाही समाचार घेतात.

माझी एक मैत्रीण फर्दापूरहून येते. अजिंठ्याच्या घाटात तिच्या फोनची रेंज जाते आणि जोडणी तुटते. जोडणी तुटली की अर्धवट काम बुडायचे. यावर ‘टीमक्स’ हा उपाय आहे. आत गेल्यावर प्रथम तो सुरू करावा, म्हणजे आपले काम महाविद्यालयातील संगणकातच चालू राहते. घाट चढून वर आल्यावर ती पुन्हा प्रवेश घेते आणि ‘टीमक्स अटॅच’ म्हणते, की ज्या शब्दावर ती थांबली तो शब्द तसाच समोर. द्वारपालालाही ‘क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ६०’ असे सांगून ठेवले आहे, त्यामुळे तो दर मिनिटाला पलीकडे कोणी आहे का याची चाहूल घेतो आणि तीनदा उत्तर न मिळाल्यास ते टोक मोकळे करतो.

फेब्रुवारीपासून ही व्यवस्था चालू आहे. संध्याकाळी सातनंतर मी सुईणबाईंच्या ओट्यावर बसते, त्या सांगतात तसे तेथेच टंकते. त्यांना सुरुवातीला वाटले मी फोनवर कोणाशी तरी गप्पाच मारते आहे. “बाई, माझ्याशी बोलती का त्याच्याशी?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना पडद्यावर त्यांचाच शब्द दाखवला. त्यांना वाचता येत नाही. तो मी वाचून दाखवला. मग त्यांनी त्याचा दुसरा एक अर्थ सांगितला, जो डिसेंबरच्या आधीच्या फाईलमध्येही नव्हता.

एप्रिलमध्ये तिसऱ्या वर्षाचे आठ विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेले. त्यांची खाती बंद करताना सरांनी एक गोष्ट दाखवली. ‘यूजरमॉड -एल’ या आज्ञेने खात्याला कुलूप लागते असे म्हणतात, पण ते फक्त संकेतशब्दाला लागते. किल्लीने येणाऱ्याला त्याचा अडसर होईलच असे नाही. म्हणून ‘यूजरमॉड --एक्सपायरडेट १’ देऊन खात्याची मुदतच संपवावी आणि ‘ऑथराइज्ड_कीज’मधील कुलूप काढून ठेवावे. खाते पुसून मात्र टाकू नये, नाहीतर त्यांच्या फाईलींवर नावाऐवजी नुसता एक क्रमांक उरतो. आठही जणांची नावे त्यांच्या शब्दांवर अजून आहेत. जूनमध्ये नवे विद्यार्थी येतील, त्यांच्यासाठी ठशाच्या चिठ्ठ्या मी लिहून कपाटात ठेवल्या आहेत.